अर्धी वकील

डावा हात पुढे करायचा, तळवा वर, आणि म्हणायचं, "माझं अर्धं?"

उजव्या हातात सुपारी असायची, म्हणून डावा. तुम्ही केळं सोललेलं असो नाहीतर पुडीतले शेंगदाणे काढलेले असोत, तिचा हात आलाच. तुमच्याही आळीत अशी एखादी असेल, बघा आठवून. भीक मागतेय असं वाटत नाही आणि दिल्याशिवाय राहवतही नाही.

चौलला शेठच्या पडवीत आम्ही दोघी सुपारी सोलायला बसायचो. मी खांबाला टेकून, ती माझ्या डावीकडे गोणपाटावर. चहा आला की कप माझा आणि बशी तिची, हे ठरलेलं. अर्धा चहा बशीतून भुरकायची आणि वर म्हणायची, "साखर कमी हाय."

"फुकटचा चहा पितेस आणि वर नावं ठेवतेस?"

"अर्धाच पिते, म्हणून अर्धंच नाव ठेवलं गो. अख्खा दे, मग बघ."

आता माझंही थोडं सांगते, नाहीतर माझ्या पोटात काय दुखत होतं ते तुम्हाला कळायचं नाही. शाळा मी फारशी बघितली नाही. भज्यांचे कागद आणि एसटीच्या पाट्या यांवरून अक्षरं जुळवत जुळवत वाचायला शिकले. आता अख्खा पेपर वाचते. आणि सही करते. साधीसुधी नाही, शेवटच्या अक्षराची शेपटी नावाखालून मागे आणून पहिल्या अक्षराला भिडवते. आमच्या पडवीत सही करणारी मी एकटी. बाकी सगळ्यांचा अंगठा, तिचाही. तर सांगायचं म्हणजे पडवीत मान होता तो मला. कुणाला काही वाचून घ्यायचं तर माझ्याकडे यायचं.

मग तिच्या नातीला वकील व्हायचं सुचलं.

नात बीए झालेली. आई लहानपणीच गेली, बाप, म्हणजे हिचा मुलगा, ट्रेलरवर, घरी आला तर आला. पोरीला आजीनंच वाढवलं. लॉ कॉलेज मुंबईत. सरकारची शिष्यवृत्ती होती, पण ती फीपुरती आणि तीही मागाहून येणारी. हॉस्टेल, मेस, पुस्तकं कुठून आणायची? म्हणून बँकेचं शैक्षणिक कर्ज. बँकेला पोरीबरोबर आणखी एक माणूस हवं होतं, सहकर्जदार म्हणून. बापाच्या ट्रेलरचे हप्ते थकलेले, त्याला बँकेनं उभं केलं नाही. उरली आजी. तिच्या नावावर सुपारीच्या वाडीची एक पट्टी होती. ती तारण ठेवली आणि अंगठा दिला.

बँकेतून थेट पडवीत आली. गोणपाट झटकलं, बसली आणि म्हणाली, "आमचं लॉ लागलं."

"तुझ्या नातीचं," मी म्हटलं.

"कर्ज दोघींचं हाय ना? साहेब स्वतः बोलला, दोघी सारख्याच जबाबदार. मग शिक्षण एकटीचं कसं होईल? अर्धं माझं."

सगळ्या बायका हसल्या. मीही हसले. पण तुम्हाला म्हणून सांगते, ते हसू वरवरचं होतं. माझा नातू पनवेलला इंजिनिअरिंगला गेला तेव्हाही कर्ज काढलं होतं. मी मुलाला म्हटलं होतं, कागद असतील तर आण, मी सही करते. मुलगा म्हणाला, "आई, तू कशाला त्रास घेतेस?" चांगल्या मनानंच म्हणाला. पण हिचा काळा अंगठा बँकेला चालला आणि माझी शेपटीवाली सही कुणाला नको होती.

तेव्हापासून ती आमच्यात राहिली नाही, कॉलेजात गेली. "आमची परीक्षा जवळ आली," म्हणायची. "आमच्यात एक विषय फार कठीण हाय." कोर्स संपेपर्यंत हप्ता नव्हता, पण व्याज भरलं तर पुढे हलकं जाईल असं कुणीतरी सांगितलं, म्हणून महिन्याला मजुरीतलं काढून बँकेत नेऊन द्यायची. त्याला व्याज म्हणायचीच नाही. "फी भरून आले," म्हणायची. एकदा बँकेतला मुलगा म्हणाला, आजी, आत्ता नाही भरलंत तरी चालेल. तर ही त्याला म्हणते, "म्हंजे मी शिकत न्हाय असं बोलायचंय तुला?"

नात शनिवारी मांडव्याच्या लाँचने यायची. पावसात लाँच बंद, तेव्हा एसटीनं. दप्तर घरी टाकायचं आणि थेट पडवीत. आजी हात पुढे करायची, "माझं अर्धं?" मग पोरगी पायरीवर बसून आठवड्याचं सगळं सांगायची. करार म्हणजे काय, जामीन कुणाला मिळतो, चोरी आणि दरोडा यात फरक काय. आजी सोलता सोलता हुं हुं करायची. मध्येच थांबवायची, "थांब. हे मना पटलं न्हाय. परत सांग." आणि ती पोरगी, खरं सांगते, परत सांगायची. माझ्या नातवाला मी एकदा विचारलं होतं, तुमच्यात काय शिकवतात रे? तो म्हणाला, "आजी, तुला नाही कळायचं."

ऐकायचे मीही. कान काही झाकता येत नाहीत. पण पोरगी बोलायची आजीकडे तोंड करून, आणि मी मात्र त्या धड्यात चोरून बसल्यासारखी. एकदा मी मध्येच काहीतरी विचारलं, तर आजी म्हणाली, "हिची फी कुठं भरलीय?" गंमतच केली तिनं. घरी जाऊन मी भाकरी करपवली.

शिकलेलं ती लगेच वापरायची, आणि ते माझ्यावरच. मी पेपरातलं काही सांगितलं, की अमक्याकडे असं झालं, तर बोट वर करून म्हणायची, "तू बघितलंस?"

"पेपरात आलंय."

"बघितलंस का ते सांग. न्हाय ना? ऐकीव हाय. चालत न्हाय."

आयुष्यभर अक्षरं जुळवून मी पेपर वाचायला शिकले, आणि हिनं एका शब्दात माझा अख्खा पेपर बाद केला.

दुसऱ्या वर्षी मात्र पैशांचं घोडं अडलं. शिष्यवृत्ती आली नाही. बँकेचा पुढचा पैसा पहिल्या वर्षाच्या निकालावर, आणि निकाल अडकलेला. कॉलेज फीसाठी मागे लागलं. तेवढ्यात एक बंगलेवाला आला. आमच्या किनाऱ्याला आता वाड्या कमी आणि बंगले जास्त, तुम्ही बघताच आहात. तो म्हणाला, आजी, पट्टी द्या, कर्जही फेडतो आणि वर पैसे देतो. ती सुपारी खाली ठेवून म्हणाली, "निम्मं शिकून झालंय माझं. आता वाडी विकली तर मी अर्धीची पाव व्हईन."

निकाल लागला त्या दिवशी मला घेऊन बँकेत गेली. कागद वाचायला मी, असं तिनं म्हटलं. साहेब म्हणाले, वरच्या ऑफिसातून मंजुरी यायची आहे, दोन-चार दिवसांनी या. ही बाकावर बसली, कनवटीचा अडकित्ता काढला आणि सुपारी कातरू लागली. "तुम्ही मंजुरी मागवा. मी हाय हितं." जो समोरून जाईल त्याच्या हातावर दोन खांडं ठेवायची. दुपारपर्यंत शिपायापासून साहेबापर्यंत सगळी बँक सुपारी चघळत होती. संध्याकाळी साहेब स्वतः बाहेर आले, म्हणाले, "आजी, झालं काम." तिला रिक्षापर्यंत सोडायला शिपाई आला. मी मागून चालत होते. कागद वाचायची वेळच आली नव्हती.

तिसऱ्या वर्षी पोरीला काळा कोट लागला. एका मोठ्या मुलीचा जुना कोट तिनं स्वस्तात घेतला आणि शनिवारी दाखवायला आणला. पडवीत सगळ्या बायका जमल्या. आजीनं हात धुतले, लुगड्याला पुसले आणि उभी राहिली. पोरीनं कोट धरला. आजीनं फक्त डाव्या बाहीत हात घातला.

"आजी, दुसराही घाल ना!"

"न्हाय. माझा अर्धाच."

आणि तशीच उभी राहिली. एक खांदा वकिलाचा, दुसरा सुपारीवालीचा. कोटाची उजवी बाही पाठीमागे रिकामी लोंबत होती. हसून हसून बायकांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी त्या रिकाम्या बाहीकडे बघत होते. तिला ते दिसलं. तिला सगळं दिसायचं.

"काय बघतंस? ती पोरीची हाय."

"मी कुठे मागतेय!" मी म्हटलं.

"तू कधी मागतच न्हायस. तीच तर तुझी खोड हाय."

त्या पावसाळ्यात तिला दम लागायला लागला. अलिबागच्या एका वकिलांकडे जाऊन तिनं मृत्युपत्र करायला घेतलं. वाडी नातीला, कर्जासकट. दोन साक्षीदार लागतात. एक तिचे डॉक्टर. दुसरा कोण? वकील म्हणाले, "असा माणूस बघा, ज्याला यातलं काही मिळणार नाही."

तिनं माझ्याकडे बघितलं. "मग हिच्यासारखं कोण मिळंल?"

माझ्या जिवाला असं लागलं म्हणून सांगू! एवढी वर्षं चहा पाजला, त्याचं हे फळ. पण पेन हातात आलं होतं. ती अंगठा देताना मी शेजारी बसले होते, मग मी सही केली, शेपटीसकट. ती वाकून बघत राहिली.

"सही तुझी लई देखणी हाय गो," म्हणाली. "म्हणूनच बोलले होते वकिलांना, हीच पायजे."

पोरीचा शेवटचा निकाल लागायच्या आत ती गेली. पडवीत तिचं गोणपाट शेठनं उचललं नाही, आम्हीही नाही.

पोरगी पास झाली, सनद मिळाली, अलिबागच्या कोर्टात एका वकिलांच्या हाताखाली लागली. पहिल्या पगारापासून हप्ते सुरू केले. आणि वाडी नावावर करायची वेळ आली तेव्हा बापानं हरकत घेतली. बंगलेवाला त्याच्यापर्यंत पोचला होता. म्हातारीकडून कागद करून घेतलाय, तिला काय कळत होतं, असं त्याचं म्हणणं. आधी डॉक्टरांनी सांगितलं, ती शुद्धीत होती, शहाणी होती. मग मला बोलावलं.

सुनावणी घेणारे मंडळ अधिकारी तरुण होते. मृत्युपत्र पुढे सरकवून त्यांनी विचारलं, "आजी, हा अंगठा त्यांचाच का? त्यांना काय करतोय ते कळत होतं?"

"तिला काय कळत होतं ते विचारता?" मी म्हटलं. "साहेब, निम्मा कायदा झाला होता तिचा."

साहेब हसले. मग म्हणाले, "पण तुम्ही हे ऐकलंय की समोर बघितलंय?"

डाव्या बाजूला कुणीतरी बोट वर केल्यासारखं झालं. मी वळूनसुद्धा बघितलं, बघा. मग ताठ बसले.

"बघितलंय," मी म्हटलं. "ऐकीव नाही."

जबाबाखाली सही केली. साहेब म्हणाले, "आजी, चौकटीत मावत नाही हो." मी म्हटलं, "मग चौकट मोठी करा."

हरकत फेटाळल्याचं नंतर कळलं. त्या दिवशी आम्हाला काहीच ठाऊक नव्हतं. बाप जिना उतरून निघून गेला, त्यानं पोरीकडे बघितलं नाही. आम्ही दोघी बाहेरच्या टपरीवर बसलो. पोरीनं कोट घातलेला, दोन्ही बाह्या भरलेल्या. मी डावीकडेच बघत होते. मेली जाऊनसुद्धा त्या बाहीतून निघत नव्हती. पोरगी हप्ते फेडेल, नाव काढेल, आणि त्यातलं अर्धं जन्मभर तिच्या नावावर जमा होत राहील. माझं काय, तर कागदाच्या तळाशी एक सही.

चहा आला. मी नेहमीसारखा बशीत ओतायला घेतला आणि थांबले. कुणासाठी ओतत होते?

काळ्या बाहीतून डावा हात पुढे आला. तळवा वर.

मी अर्धा चहा ओतून बशी त्या हातावर ठेवली. पोरीनं भुरका मारला. डोळे भरले होते तिचे, पण आवाज थेट पडवीतला काढला.

"साखर कमी हाय गो."