पन्नास किलोमीटरचं आगाऊ अभिनंदन

मी पळायला लागलो तो चाळिशी उलटल्यावर, आणि तेही मुलुंडच्या मित्रामुळे. कॉलेजपासूनचा मित्र. पूर्वी भेटला की तो शेअर बाजाराबद्दल बोलायचा आणि मी ऐकायचो. मग तो डोंगरात पळायला लागला आणि टाच, पोटरी, घामातून जाणारं मीठ अशा विषयांवर बोलायला लागला. मी तरीही ऐकायचो. एक दिवस ऐकून ऐकून इतका कंटाळलो की म्हटलं, "मी पण येतो." ऐकण्यापेक्षा पळणं सोपं जाईल असा माझा अंदाज होता.

त्याने तिथल्या तिथे, माझा चहा संपायच्या आत, फोनवरून माझं नाव एका शर्यतीत घालून टाकलं. पुढच्या हिवाळ्यात, कर्जतच्या बाजूच्या डोंगरांत, पन्नास किलोमीटर.

"बेचाळीसच्या वर गेलं की अल्ट्रा," तो म्हणाला. "पन्नासची म्हणजे त्यातली सगळ्यात धाकटी."

धाकटी म्हटल्यावर मला जरा धीर आला. बोरिवलीला घरी येऊन बायकोला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती.

"पन्नास किलोमीटर म्हणजे इथून कुठपर्यंत रे?"

"जवळजवळ केळव्यापर्यंत."

"गाडी आहे ना केळव्याला," ती म्हणाली आणि पोळी उलटली.

त्यानंतरचं जवळजवळ वर्ष मी सरावात घालवलं. सराव म्हणजे चुका. पहिल्या चुकीचं नाव बूट. दुकानात पायाला अगदी घट्ट बसले म्हणून खूश होऊन घेतले. उतारावर पळताना पाय पुढे सरकतो आणि बोटं आदळतात हे मला आमच्या मागच्या राष्ट्रीय उद्यानातल्या उतारांनी शिकवलं. दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडली, मग गेली. लग्नकार्यात चपला घालून जायची लाज वाटावी असे पाय झाले. सासूबाईंनी बायकोला बाजूला घेऊन विचारलं, "यांना शुगर निघालीय का?"

मग वाळूत पळायचं खूळ डोक्यात आलं. वाळूत पळालं की पोटऱ्या तयार होतात असं मित्राने सांगितलं होतं. मढला गेलो. किनाऱ्यावरून मान खाली घालून पळत होतो. वर बघितलं तर आजूबाजूला धोतर-पगडीतली माणसं तलवारी घेऊन उभी. मी पोपटी टीशर्टात, कमरेला पाण्याची बाटली, थेट लढाईच्या मधोमध. कुणीतरी भोंग्यातून माझ्या खानदानाची चौकशी केली. थांबावं की पळावं ते कळेना, म्हणून मी पळत राहिलो, आणि नेमका कॅमेऱ्याच्या दिशेने. मागून एक मावळा दमलेल्या आवाजात म्हणाला, "चौथ्यांदा मरायचंय आता."

तरी पाय तयार होत गेले. पहिल्यांदा न थांबता कान्हेरीच्या लेण्यांपर्यंत चढलो त्या सकाळी मी ऑफिसात ज्याला त्याला सांगत सुटलो. सोसायटीतही सांगितलं. विशेषतः आमच्या सेक्रेटरीकाकांना. काका मालवणचे, बोरिवलीत उभा जन्म गेला तरी बोलणं तिकडचंच. सोसायटीत कुणी दहावी पास झालं, कुणाला नातू झाला, कुणी परदेशात गेलं, की गेटवर फ्लेक्स लावायची जबाबदारी त्यांनी आपण होऊन उचललेली. माझी शर्यत ऐकून त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाले, "एक बरोसो फोटो दी."

मला वाटलं, सहज मागतायत.

शर्यतीचा दिवस उजाडला. डोंगरात पळताना वाट चुकू नये म्हणून झाडांना नारिंगी फिती बांधलेल्या असतात. त्या बघत जायचं, एवढंच. मित्राने तीनतीनदा बजावलं होतं, "दुसऱ्याच्या मागे जाऊ नकोस. फीत बघ." आणि तो पुढे निघून गेला. मी मागच्यांतला. अर्धी शर्यत होईपर्यंत आजूबाजूला कुणीच उरलं नाही. पण फिती होत्या, आणि मी फिती बघत होतो.

एका टेकाडाच्या पलीकडे फितींच्या जागी नारिंगी झेंड्या लागल्या. छान, ओळीत, सारख्या अंतरावर. वाटही सुधारली. दगड गेले, मुरूम आला. मला आयोजकांचं कौतुक वाटलं. म्हटलं, शेवटच्या माणसाचाही विचार केलाय. अशा रस्त्याने मी मजेत पळत एका कमानीपाशी पोचलो. कमानीखाली टाय लावलेला एक तरुण उभा. त्याने मला गुलाबाचं फूल दिलं, लिंबू सरबत दिलं, आणि खुर्ची पुढे केली.

इतकी चांगली सोय मी कुठल्याच शर्यतीत ऐकली नव्हती. मी दोन सामोसे खाल्ले. सरबत परत मागितलं.

"फॅमिली मागून येतेय का सर?"

"नाही, मी एकटाच."

"म्हणजे डिसिजन तुमचाच. बेस्ट." त्याने माझ्या छातीवरचा शर्यतीचा नंबर वाचला. "दोनशे अकरा. काय योग आहे बघा, आमचा दोनशे अकरा नंबरचा प्लॉट कोपऱ्याचा आहे. दोन बाजूंनी रस्ता, समोर डोंगर."

मी सामोसा खाली ठेवला. मान वळवून बघितलं तर झेंड्या सगळीकडे होत्या. सगळ्या डोंगरभर, चौकोनाचौकोनात. मुंबईकरांना बंगल्याचे प्लॉट विकणाऱ्यांनी जमीन आखून ठेवली होती आणि मी ती आखणी पळत पळत पार करून त्यांच्या ऑफिसात येऊन बसलो होतो.

"मी शर्यतीत आहे," मी म्हटलं.

"सगळेच आहेत सर," तो समजुतीने म्हणाला. "म्हणून तर वीकेंड होम पाहिजे."

फोन नंबर दिल्याशिवाय त्याने सोडलं नाही. परत टेकाड चढून, खऱ्या फिती शोधून पुढच्या टप्प्यावर पोचेपर्यंत ठरलेली वेळ टळून गेली होती. वेळेत न पोचणाऱ्याला शर्यतीतून काढतात. तिथल्या मुलीने माझा नंबर काढून घेतला आणि विचारलं, "काका, फूल कुठून आणलं?"

मित्र केव्हाच पोचला होता, पदक घालून फिरत होता. माझी कथा ऐकून त्याने सहानुभूती दाखवायचा खूप प्रयत्न केला, पण मुलुंड येईपर्यंत हसत होता. मी म्हटलं, असू दे. पुढच्या वर्षी बघू. कुणाला काय फरक पडतो.

संध्याकाळी लंगडत आमच्या गल्लीत शिरलो आणि गेटवर मी दिसलो. चांगला दहा फुटांचा मी. मेव्हण्याच्या लग्नातला फोटो, कोट घातलेला, हातातली जेवणाची प्लेट कापून काढलेली, त्यामुळे मी कुणाकडे तरी काहीतरी मागतोय असं वाटत होतं. वर लिहिलं होतं, 'पन्नास किलोमीटरची अल्ट्रा मॅरेथॉन यशस्वीरीत्या पूर्ण केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. खाली शुभेच्छुकांची लांबलचक रांग, प्रत्येकाच्या फोटोसकट. रविवारी छापखाना बंद, म्हणून काकांनी शनिवारीच छापून घेतला होता.

मी तसाच त्यांच्या घरी गेलो.

"काका, माझं पूर्ण झालं नाही."

"काय पूर्ण झाला नाय?"

"शर्यत. मधेच बाहेर काढलं मला."

"किती झाला?"

"तीसच्या आसपास."

"मगे अर्ध्याच्या वर झाला. शाळेत पस्तिसाक पास करतत."

"पण फ्लेक्सवर पन्नास लिहिलंय. काढून टाकू या ना."

काकांनी चष्मा काढला. "खाली एवढ्या माणसांचे फोटो आसत. वर्गणी दिल्यानी सगळ्यांनी. आता काढलो तर तेंका काय सांगू? तू असां कर, उरलेला पळान टाक."

उरलेला. जणू दळण आणायचं राहिलं होतं.

आणि मग ते आठवडे सुरू झाले. मी भेटेल त्याला खरं सांगायचो आणि कुणी ऐकायचं नाही. "नम्रपणा बघा याचा," असं वर म्हणायचे. समोरच्या इमारतीतल्या एका बाईंनी मुलाला माझ्यासमोर उभं करून सांगितलं, "बघ, या काकांनी सोडलं का मधे?" काकांनी सोडलं होतं. काका सरबत पीत बसले होते. मी कचऱ्याच्या डब्यांपाशी असलेल्या मागच्या गेटने येजा करायला लागलो.

"लपतोस कशाला?" बायको म्हणायची. "वरचा तू फार देखणा आहेस. मी रोज त्याच्याकडे बघून कामाला जाते."

आता एकच मार्ग होता. पन्नास पळून टाकायचे, म्हणजे तो फ्लेक्स खरा होईल आणि मला पुढच्या गेटने जाता येईल. शर्यत वर्षभर नव्हती, पण उद्यान तर मागेच होतं. गेटपासून लेण्यांपर्यंत जाऊन परत, अशा चार खेपा मारल्या की झालं. मी पुन्हा सरावाला लागलो, या वेळी कुणालाही न सांगता. एका रविवारचा मुहूर्त ठरवला.

त्याच्या आधीच्या बुधवारी महापालिकेची गाडी आली आणि सगळ्या रस्त्याचे फ्लेक्स काढून घेऊन गेली. नगरसेवकाचा वाढदिवस गेला, क्लासवाल्यांचे गुणवंत गेले, मी गेलो. गेटवर नुसते बांबू राहिले.

"सुटलास," बायको म्हणाली.

खरंच सुटलो होतो. आठवडाभरात लोक विसरले असते. त्या संध्याकाळी मी पुढच्या गेटने छाती काढून आत आलो. शुक्रवारी ऑफिसातून येताना वडे घेऊन आलो, गुरुवार-शुक्रवार दोन्ही दिवस सराव सोडून सकाळी उशिरापर्यंत झोपलो. शनिवारी दुपारी मात्र चैन पडेना. कपाट उघडून बूट बघितले, बंद केलं. परत उघडलं.

"आता काय?" बायकोने विचारलं. "गेला ना तो फ्लेक्स?"

"गेला."

"मग कशाला जातोस?"

मी बरंच काही सांगायचं ठरवलं होतं, जिद्द वगैरे. तोंडातून आलं ते एवढंच, "मला बघायचंय, पन्नास होतात का."

ती स्वयंपाकघरात गेली. बटाटे उकडायला ठेवले. लांब पळताना मीठ लावलेले उकडलेले बटाटे खातात, हे माझ्या बडबडीतून तिच्या कानावर पडलेलं होतं.

रविवारी पहाटे फिरायला येणाऱ्यांबरोबर उद्यानात शिरलो. पहिली खेप झकास झाली. दुसऱ्या खेपेत एका माकडाने बटाट्यांची पिशवी ओढून नेली आणि माझ्यासमोर कठड्यावर बसून, साल काढून, एकेक खाल्ला. मीठ त्याला आवडलेलं दिसलं. तिसऱ्या खेपेत पायात गोळे आले. सायकलवरून जाणाऱ्या एका आजोबांनी वेग कमी करून विचारलं, "बरं आहे ना?" मी म्हटलं, "हो हो, पळतोय." त्यांनी नीट बघितलं आणि म्हणाले, "असं का. मला वाटलं काही शोधताय."

चौथी खेप अर्धी झाली तोवर संध्याकाळ झाली होती. उद्यान बंद व्हायची वेळ. रखवालदार शिट्टी वाजवत सगळ्यांना बाहेर काढायला लागला. मी हात जोडले. तो म्हणाला, "साहेब, बिबट्याला हे सांगता येणार नाही." त्याने मला त्याच्या गाडीत घालून गेटबाहेर आणून सोडलं. घड्याळात अजून सात किलोमीटर बाकी.

दुसऱ्यांदा मला मधेच बाहेर काढलं होतं. रिक्षावाले विचारत होते, कुठे जायचंय. मी नाही म्हटलं आणि घराकडे पळायला लागलो. घर गाठलं तेव्हाही पाचाच्या वर उरलेच होते. मग जिन्याकडे न जाता आमच्या तीन विंगांभोवती गोल फिरायला लागलो. पाण्याची टाकी, पार्किंग, मागचे कचऱ्याचे डबे, पुन्हा टाकी.

तिसऱ्या फेरीला खिडक्या उघडल्या. पाचव्या फेरीला काका खाली आले. त्यांनी एका स्कूटरवाल्याला गाडी बाजूला घ्यायला लावली आणि मधोमध खुर्ची टाकून बसले. "किती उरले?" त्यांनी विचारलं. मी मनगट पुढे केलं आणि त्याच क्षणी घड्याळ मेलं. बॅटरी दिवसभर चालली, पण माझ्याआधी संपली.

मग माझ्या अंतराचा निर्णय सोसायटीकडे गेला. एक फेरी किती मीटरची, यावर पार्किंगमध्ये चर्चा पेटली. बी विंगचे गृहस्थ म्हणाले दोनशे, ए विंगचे म्हणाले त्याहून कमी, कारण कोपऱ्यात मी गाड्यांमधून आत घुसतो. कुणीतरी पावलं टाकून मोजायला गेलं आणि माझ्या मधे आलं. मी पळत होतो. म्हणजे पाय उचलत होतो.

शेवटी, पंचविसाव्या की सव्विसाव्या फेरीला, काकांनी हात वर केला. "झाले. पन्नास झाले. थांब."

"नक्की?"

"सगळ्यांनी मान्य केल्यानी."

मागच्या वेळीही सगळ्यांनी मान्य केलं होतं. मी थांबलो नाही. म्हटलं, "काका, अजून चार फेऱ्या जास्तीच्या मारतो. कमी पडायला नकोत."

"चार?" बायको जिन्याच्या पायरीवरून उठली. तिने पायातल्या स्लिपर नीट केल्या आणि माझ्याबरोबर निघाली. ती चालत होती, मी पळत होतो. टाकीपर्यंत बरोबर होतो. पार्किंगपाशी ती पुढे गेली, वळून बघितलं, आणि कमरेवर हात ठेवून मी येईपर्यंत थांबली.

"चल," ती म्हणाली. "हळू चालते."