गाळलेली ओळ

कोप्रियाला आपलं नाव कधीच आवडलं नाही. कोप्रिया म्हणजे उकिरड्यावरची. गावात त्या नावाच्या आणखी चौघी होत्या आणि हाक मारली की पाचही जणी मागे वळत. वाळवंटाच्या कडेला पिढ्यान् पिढ्या केर टाकून टाकून टेकड्या झाल्या होत्या. नको असलेली पोर लोक तिथेच ठेवून जात. ज्याला फुकटात दासी हवी असेल त्याने उचलावी, दाई लावून दूध पाजावं, वाढवावं आणि राबवावं, अशी रीत होती आणि तिच्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

या कोप्रियाला उचललं ते गणित शिकवणाऱ्या एका विधुराने. दया वगैरे काही नव्हती. चांगल्या अक्षराचा लेखनिक विकत घेणं त्याला झेपत नव्हतं, म्हणून त्याने तो घरीच वाढवायचं ठरवलं, इतकंच. त्याची मुलगी डिडिमे तेव्हा सहा वर्षांची होती. पुढे तिनेच कोप्रियाच्या हातात बोरू दिला. अक्षर वाकडं गेलं की ती बोटांवर पट्टी मारायची आणि नीट आलं की काहीच बोलायची नाही. हीच तिची शाबासकी, हे कळायला कोप्रियाला दोन वर्षं लागली.

बाप गेला तेव्हा विद्यार्थीही जातील असं सगळ्यांना वाटलं. गेले नाहीत. उलट नदीच्या वरच्या अंगाने, खालच्या अंगाने, थेट अलेक्झांड्रियाहूनसुद्धा मुलं येऊन डिडिमेच्या अंगणात बसू लागली. बाप उत्तर काढून दाखवायचा. ही उत्तर कुठे निघत नाही तेही दाखवायची, आणि का नाही ते पटेपर्यंत उठू द्यायची नाही. लग्न तिने केलं नाही. मसुराची आमटी थंड होऊन तिच्यावर साय धरायची, तरी बाई मेणाच्या पाटीवर वाकलेल्या. कोप्रिया कुरकुरायची, "बाई, आकडे खाऊन पोट भरतं का?" डिडिमे मान वर न करता म्हणायची, "तुझ्या आमटीपेक्षा बरे लागतात."

कामाची पद्धत ठरलेली होती. डिडिमे कच्चं सगळं मेणाच्या पाट्यांवर लिहायची. कोप्रिया ते पपायरसवर शाईने उतरवायची, मग मेणावर लिहायच्या टोचणीच्या चपट्या टोकाने मेण घोटून पाटी पुन्हा कोरी करायची. अशी सात वर्षं खपून दोघींनी अंकांवरचं एक जाड पुस्तक पुरं केलं. जुन्या ग्रंथातलं एकेक कोडं घ्यायचं आणि ते सोडवण्याची रीत पोराटोरांना कळेल अशी उलगडून सांगायची. प्रत एकच होती. ती नेमेसिनोस नावाचा लांब मानेचा विद्यार्थी, अलेक्झांड्रियात नक्कल करून आणतो म्हणून घेऊन गेला.

होडी सुटल्याच्या दुसऱ्या दिवशी कोप्रिया पाट्या घोटायला बसली. घोटण्यापूर्वी प्रत्येक ओळ एकदा वाचायची तिला खोड होती. एका पाटीशी तिचा हात थांबला. कोडं साधं होतं. दोन संख्या शोधा, पूर्ण किंवा अपूर्णांकातल्या, त्यांची बेरीज वीस आणि गुणाकार शहाण्णव. बारा आणि आठ. रीतही सोपी, वीसची निम्मी दहा, दहाचा वर्ग शंभर, शंभरातून शहाण्णव वजा केले की उरले चार, चारचं मूळ दोन, ते दहात एकदा मिळवा आणि एकदा वजा करा. पण त्याखाली डिडिमेची एक ओळ होती: "उरलेली संख्या स्वतः वर्ग असली पाहिजे, नसेल तर असा जोड नाहीच, त्याचा शोध बंद करा." वरच्या ओळीचा शेवट आणि या ओळीचा शेवट एकसारखा होता, "करा". उतरवताना कोप्रियाची नजर एका शेवटावरून दुसऱ्यावर घसरली होती आणि मधली अख्खी ओळ पुस्तकात आलीच नव्हती. नक्कल करणाऱ्या प्रत्येकाच्या हातून ही चूक कधी ना कधी होतेच. तरी तिने ती पाटी पुन्हा दोनदा वाचली.

सांगायला हवं होतं. पण डिडिमेचा राग तिला ठाऊक होता, आणि नुसतं बोटांवर भागलं नसतं. दोन दिवसांनी सांगू, बाईंचं डोकं शांत असताना सांगू, असं मनाशी घोकत तिने पाटी घोटून टाकली. सांगणं रोज पुढे जात राहिलं, आणि ओळ गळली आहे हे फक्त तिच्या डोक्यात उरलं.

त्या वर्षी नेहमीच्या पुराच्या वेळी नदी चढलीच नाही. कालव्यात चिखलसुद्धा राहिला नाही. भाकरी अर्ध्यावर आली, मग पावावर. लोक नदीला काही म्हणू शकत नव्हते, म्हणून दुसरं कोणीतरी हवं होतं. डिडिमेजवळ ताऱ्यांची उंची मोजायची एक पितळी तबकडी होती आणि ती गच्चीवर उभी राहून ती डोळ्याला लावायची. ही बाई आभाळाशी काहीतरी सौदा करते, हिनेच नदी बांधून ठेवली, असं आधी पाणवठ्यावर बोललं गेलं. आठ दिवसांत ते सगळ्यांना आपल्या डोळ्यांनी पाहिल्यासारखं वाटू लागलं.

त्यानंतर चौथ्या दिवशी सकाळी माणसं आली. कोप्रियाने दारावरची पहिली थाप ऐकली आणि तिचं लक्ष आधी कुठे गेलं असेल तर स्वतःच्या बोटांकडे. ती शाईने काळी होती. तिने दोन्ही हात चुलीतल्या राखेत कोपरापर्यंत खुपसले.

स्नानगृहाच्या भट्टीवर काम करणारा बेसास पुढे होता. त्याने डिडिमेला केसांना धरून अंगणात आणलं होतं. मग त्याने कोप्रियाला विचारलं, हिचे मंत्र लिहितं कोण?

"मला काय ठाऊक," कोप्रिया म्हणाली. "मी केर काढते, चूल पेटवते."

"नाव काय तुझं?"

"कोप्रिया."

दोघंतिघं हसले. अरे, उकिरड्यावरची ती, तिला काय विचारता, असं मागून कोणीतरी म्हणालं. बेसासला तेवढ्याने पटलं नाही. त्याने डिडिमेची मान वर केली आणि ही खरं बोलते का म्हणून विचारलं. डिडिमेने कोप्रियाकडे पाहिलं, तिच्या राखेने भरलेल्या हातांकडे पाहिलं. पाटीवरची चुकीची रेघ जिला एक क्षण सोसत नसे, ती बाई अगदी सावकाश म्हणाली, "खरंय. तिला अक्षर येत नाही."

डिडिमेला कोरड्या कालव्यात नेलं आणि तिथे दगडांनी मारलं. जे झालं त्यातलं याहून जास्त कोप्रियाने कधी कुणाला सांगितलं नाही, तेव्हा आपणही नको. पाट्या, गुंडाळ्या, पुस्तकं सगळं भट्टीत टाकायचं ठरलं आणि वाहायला कोप्रियालाच लावलं. नऊ टोपल्या तिने डोक्यावरून नेल्या. दोन दिवस गावाच्या स्नानगृहात पाणी चांगलं कढत होतं, आणि लोकांनी ते वापरलं.

घर एका चुलतभावाने घेतलं. तिला अक्षर येतं हे त्याला ठाऊक होतं. गावाचा राग निवल्यावर त्याने कोप्रियाला नकला करणाऱ्या एका दुकानात राबायला लावलं, आणि म्हातारपणी, तिचे डोळे अधू होऊ लागल्यावर, तिला मोकळं केलं. तरी ती तिथेच लिहीत राहिली, सगळी मिळून बेचाळीस वर्षं. अर्ज, मृत्युपत्रं, स्तोत्रं, देवळात जाणाऱ्यांसाठी आणि चर्चमध्ये जाणाऱ्यांसाठी, ज्याचं येईल त्याचं. एकदा धीर करून तिने नेमेसिनोसला पत्र लिहिलं, ओळ लिहिली, ती कुठे घालायची ते लिहिलं, आणि एका नावाड्याकडे दिलं. उत्तर आलं नाही. रोज सकाळी काजळी आणि डिंक खलताना ती तीच ओळ ओठांत पुटपुटायची. दुकानाचा धाकटा मालक पाफ्नुती तिची चेष्टा करायचा, म्हातारे, कुठल्या संताची प्रार्थना ही, आम्हालाही शिकव की.

एका हिवाळ्यात पाफ्नुतीने तिच्यापुढे एक जीर्ण पुस्तक ठेवलं. गिऱ्हाईक अलेक्झांड्रियाचं, नक्कल लवकर हवी होती. मूळ प्रत वाळवीने अर्धी खाल्ली होती. वर लिहिलं होतं: नेमेसिनोसने केलेलं अंकांचं विवरण. कोप्रियाने पान नाकाजवळ नेलं. अक्षर परकं होतं, नकलेवरून केलेली नक्कल असावी. पण दुसऱ्याच वाक्याला तिने ते ओळखलं. शब्द न् शब्द डिडिमेचा होता. "पटलं नसेल तर पुन्हा पाहा, मी थांबते," हेसुद्धा तसंच्या तसं होतं. डिडिमेचं नाव मात्र कुठेच नव्हतं.

म्हातारी आनंदाने रडली. नाव गेलं तर गेलं, पण सात वर्षांचं काम जिवंत होतं. तीन आठवडे ती डोळ्यांच्या खाचा करून उतरवत राहिली. मग ते कोडं आलं, वीस आणि शहाण्णवचं. ओळ नव्हतीच. पण समासात कुण्या शहाण्या वाचकाने बारीक अक्षरात लिहून ठेवलं होतं: "एवढा भाग नेमेसिनोसच्या गुरुबाईचा. इथे बाई चुकली. वीस आणि नव्वद घेऊन पाहा, हिची रीत चालत नाही."

चालणार कशी? शंभरातून नव्वद गेले की उरतात दहा, आणि दहा हा वर्ग नाही. तेच तर त्या ओळीत होतं. पुस्तकातलं जे जे बरोबर ते नेमेसिनोसचं झालं होतं, आणि चूक तेवढी बाईची राहिली होती. ती चूकही बाईची नव्हती. 

कोप्रियाने बोरू नीट छाटला आणि ओळ जिथली तिथे लिहिली. समासातला तो शेरा तिने उतरवलाच नाही. त्या जागी लिहिलं: "डिडिमे चुकली नाही. उतरवणारी कोप्रिया चुकली."

दुकानाची रीत अशी की नक्कल झाली की पाफ्नुती मूळ प्रत मोठ्याने वाचायचा आणि नकलेवरून बोट फिरवत जायचा. त्या पानावर त्याचं बोट थांबलं.

"हे काय गं म्हातारे? ही ओळ मुळात नाही."

"होती. गळली."

"कोणी गाळली?"

"मीच."

तो हसायला लागला, पण तिचं तोंड पाहून थांबला. कोप्रियाने त्याला सगळं सांगितलं, पाटी, राख, नऊ टोपल्या. आयुष्यात पहिल्यांदाच सांगत होती, त्यामुळे मागचं पुढे आणि पुढचं मागे झालं. पाफ्नुती वाईट माणूस नव्हता. तो उठून तिच्याशेजारी येऊन बसला.

"मी तेव्हा तीन वर्षांचा असेन," तो म्हणाला. "त्या दोन दिवसांत आईने नेलं असेल मला आंघोळीला." मग म्हणाला, "आजी, तुझं खरं आहे. पण गिऱ्हाईक दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून बघणार. जास्तीची ओळ दिसली की म्हणणार, पाफ्नुतीच्या दुकानात पदरचं घालतात. आणि डिडिमे कोण, हे विचारलं तर मी काय सांगू? तिला या गावाने मारलं, म्हणून सांगू?"

"नाव खोड. ओळ राहू दे."

"जे मुळात नाही ते नकलेत नाही. तूच शिकवलंस ना मला?"

तिने शिकवलं होतं. बोटांवर पट्टी मारून शिकवलं होतं.

पाफ्नुतीने समजावणीच्या सुरात सांगितलं की पान बदलावं लागेल, आणि अक्षर सगळीकडे एक हवं, तेव्हा ते तिनेच लिहायला हवं, शेऱ्यासकट. नको असेल तर पुस्तक तसंच परत करू. पण वाळवी लागलेली ती प्रत फार तर आणखी एक-दोन हिवाळे काढील, अलेक्झांड्रियाची हवा दमट. मग बाईचं काही म्हणजे काही उरणार नाही.

कोप्रियाला मरेपर्यंत पुरेल एवढी लाज बेचाळीस वर्षांपूर्वीच मिळाली होती. तेव्हा जीव वाचवायला ती खोटं बोलली होती, आता बाईचं काम वाचवायला बोलायचं होतं, आणि या वेळी "खरंय" म्हणून साथ द्यायला कोणी नव्हतं. तिने कोरं पान ओढलं. बारा आणि आठ लिहिले. ओळ गाळली, या वेळी जाणूनबुजून. मग समासात, आपल्या सुंदर अक्षरात, उतरवलं: "इथे बाई चुकली."

पाफ्नुतीने ते वाचून पाहिलं. मान हलवली. चूक नव्हती.

फुकट गेलेलं पान चूल पेटवायला जायचं. कोप्रियाने ओळ असलेलं ते पान मागून घेतलं. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर ती गावाबाहेरच्या टेकड्यांवर गेली. खापऱ्या, भुसा, माशांचे काटे हाताने बाजूला करत तिने कोपरभर खड्डा केला, खालची माती कोरडी ठणठणीत लागेपर्यंत, जिथे ना दमट हवा पोचते ना वाळवी. पान घडी करून आत ठेवलं, वर एक फुटकं मातीचं परळ पालथं घातलं आणि केर लोटला. आपल्याला कुठल्या टेकडीवर टाकलं होतं हे तिला माहीत नव्हतं. हीच असेल, असं ती धरून चालली.

दुकानात येऊन ती शाई खलायला बसली. खलबत्त्याचा आवाज तेवढा येत होता. पाफ्नुतीने मान वर केली.

"का गं आजी, आज प्रार्थना नाही?"

"ठेवून आले," कोप्रिया म्हणाली.