पहिल्या रांगेतला रुमाल

“खांद्याले खांदा लावा रे, बापाले घरी ठेवा!”

वडशाच्या आमच्या उर्दू शाळेतले ते सर दुपारच्या नमाजाआधी पोरांच्या रांगेसमोरून असे बोलत जात. जाता जाता पायाच्या अंगठ्याने एखाद्याची टाच मागे सरकवत. आवाज न चढवता आपलेच खरे करणारी अशी माणसे तुम्हीही पाहिली असतील.

भांडलेल्या पोरांना ते मुद्दाम शेजारी उभे करीत. “नमाजात बोलता येत नाई, मारता येत नाई. तेवढं जमते, तं बाहीर काऊन जमत नाई?” संध्याकाळी तीच दोघे एका सायकलवर दिसत.

माझे मात्र त्यांच्याशी पटले नाही. हातगाडीवर तांदूळ विकत मी दुकानापर्यंत आलो. शाळेत वजूचे, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुण्याचे, नळ मीच बसवून दिले. माझा पोरगा सलीम पहिल्या रांगेत दिसावा, यात गैर काय होते? पण सरांकडे एकच कायदा: आधी येईल तो पुढे. सलीमचा डबा लवकर संपत नसे. मी युक्ती सांगितली, आधी चटईवर रुमाल टाक, मग निवांत जेव. एस.टी.त आपण जागा धरतो तशी.

एका दुपारी सर तो रुमाल घेऊन दुकानात आले. गिऱ्हाइकांसमोर घडी घालून वजनकाट्यावर ठेवला.

“शेठ, तुमची एस.टी. आमच्या शाळेत थांबत नाई.”

“नळ कोणं बसवले, सर?”

“तुमीच. पाणी सगळ्याच पोराइले येते.”

“बरं, नव्या चटया देतो. सलीमले पुढं घ्या.”

“सलीमले लवकर पाठवा.”

गिऱ्हाईक हसले. माझा हमालही हसला. उत्तर सुचले ते सर गेल्यावर, आणि मी ते जपून ठेवले. पुढे रस्त्यात ते सलाम करीत, मी मान फिरवी.

मागच्या हिवाळ्यात सर वारले. गिऱ्हाईक सोडून निघेपर्यंत मला उशीर झाला. कब्रस्तानात अखेरच्या नमाजाच्या रांगा लागल्या होत्या, आणि पहिल्या रांगेत सलीम. केव्हाचा आला होता कोण जाणे. मी हाताने खुणावले, सरक, जागा कर. त्याने माझ्याकडे पाहिले आणि मधली फट बुजवत शेजाऱ्याला आणखी खेटून उभा राहिला.

टोपी दुकानातच राहिली होती. खिशातला रुमाल डोक्याला बांधून मी शेवटच्या रांगेत, हमालाच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिलो. एवढ्या पाठींच्या पलीकडे सर होते. उत्तर ओठांवर आले होते. पण नमाजात बोलता येत नाही.