मामांच्या शेडमधली शेळी

टायरची हवा सोडताना व्हॉल्व्हमधून रबराचा जो कोंदट, उबट वास येतो, तो आला की मला येरमाळ्याजवळचा मुरमाड चढ आठवतो. ढोकीत मामांची वेल्डिंगची शेड होती, तिथं ते उसाच्या ट्रॉल्या बनवत. कॉलेजच्या सुट्टीत मी त्यांच्या मदतीनं पातळ पाइप आणि भंगारातलं इंजिन जोडून, चारही चाकांना इंजिनाची ओढ असलेली एक छोटी गाडी बांधली, जुन्या मोटारसायकलच्या किमतीत. मामांची अट होती, "येरमाळ्याचा चढ चढली तर तुझी, न्हाय तर कापून ट्रॉलीला लावतो." पहिल्या खेपेला चाकं जागीच फिरली, मुरूम उडाला. "गाडी हाय का शेळी? लई हलकी केलीस, बाय," म्हणत मामांनी ट्रॅक्टरवर ठेवतात तशी वाळूची पोती मागं टाकली. गाडी आणखीच रुतली. बांधावर बसलेली माणसं हसली. मी पोती खाली ओढली आणि चारही टायरची निम्मी हवा सोडली. "आगं, पंक्चर करतीस का काय!" मामा ओरडले. मऊ पडलेल्या टायरांनी दगड धरले आणि गाडी सावकाश, न थांबता माथ्यावर गेली. मामा धापा टाकत वर आले, तेव्हा मी एवढंच म्हणाले, "शेळीच आहे, मामा. म्हणून तर चढली." आता त्याच शेडमध्ये मी अशा गाड्या बनवते. हलक्या वजनाबद्दल कुणी शंका काढली, की फार समजावत बसत नाही. किल्ली त्याच्या हातात देते आणि चढ दाखवते.