चकोट अण्णा

सणवार असो, ताप असो, नाहीतर बाहेर वादळ घोंगावत असो, अण्णा रोज सकाळी आपलं डोकं स्वतःच्या हाताने चकोट करत. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दगडी गडग्यापलीकडचं त्यांचं मागीलदार समोरच दिसतं. मी चहाचं आधण ठेवायचे तेव्हा ते धुण्याच्या दगडावर येऊन बसायचे, आणि माझा चहा गाळून होईपर्यंत उठलेलेही असायचे. अण्णांना जाऊन आता दोन पावसाळे झाले. तरी आधण ठेवलं की माझी मान खिडकीकडे वळतेच. मग दूध उतू जातं आणि मी स्वतःवरच चिडते.

त्यांचा क्रम ठरलेला होता. न्हाणीतल्या हंड्यातलं कढत पाणी तांब्यात घ्यायचं, त्यात पंचा बुडवून पिळायचा आणि तो डोक्यावर थोडा वेळ ठेवून द्यायचा. केस मऊ झाले की साबणाचा फेस. मग कपाळाकडून मागे वस्तरा, म्हणजे आपला साधा ब्लेडचा. कानामागे जाताना कान दुमडून धरायचा, मानेशी आलं की हनुवटी छातीला टेकवायची, म्हणजे कातडी ताणली जाते. शेवटी थंड पाणी, तुरटीचा खडा, आणि तळहातावर खोबरेल तेलाचे दोन थेंब. मिशीही याच फेरीत जायची. आरशाकडे ते ढुंकूनही बघत नसत. डावा तळहात उलटा फिरवून कुठे काही खरखरतंय का ते बघत. "डोळो फसवता गो, हात फसवणा नाय," असं एकदा त्यांनी मला गडग्यावरून सांगितलं होतं.

माझा नवरा विनय हा अण्णांचा पुतण्या, चुलत भावाचा मुलगा. त्याचे केस कपाळावरून मागे हटायला लागले तेव्हा अण्णांनी त्याला शिष्य करून घ्यायचं ठरवलं. "ब्लेडार जोर करू नको. ब्लेड आपला काम जाणता," हा पहिला धडा. विनयने तो ऐकला आणि दुसऱ्या दिवशी घाईघाईत सुक्या डोक्यावरच ब्लेड ओढलं. मग तो आठवडाभर टोपी घालून फिरत होता आणि टोपी काढ म्हटलं की वसकन अंगावर येत होता. अण्णा गडग्यापाशी उभे राहून पोट धरून हसले. त्यांना तसं हसताना मी त्यानंतर फारसं बघितलं नाही. त्याआधीही त्या वर्षात बघितलं नव्हतं.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा अण्णांच्या डोक्यावर असे दाट केस होते की कंगवा अडकावा. मिशीही भरघोस. कलमांच्या बागेत फिरताना ते मिशीवरून हात फिरवायचे आणि त्यांची बायको, आमची काकी, दारातून ओरडायची, "मिशी रवतली थयच, आधी आंबे उतरवा!" त्यांचा एकुलता एक मुलगा बाबलो, माझ्याच वयाचा. बापाच्या बागेपेक्षा त्याला दर्या प्यारा. नारळी पौर्णिमा होऊन होड्या पुन्हा पाण्यात गेल्या, आणि काही दिवसांतच खाडीच्या मुखाशी बाबल्याची होडी लाटेने उलटी केली. बरोबरचे दोघे पोहत किनाऱ्याला लागले. बाबलो लागला नाही.

आमच्याकडे म्हणतात, दर्या कोणाला पोटात ठेवत नाही, परत आणून टाकतोच. त्याने बाबल्याला आणून टाकलं नाही. आम्ही सगळ्यांनी तांबळडेगपासून खालपर्यंतची वाळू पायाखाली घातली. पंधरा दिवसांनी भावकी येऊन ओसरीवर बसली आणि कोणीतरी दबक्या आवाजात विधीचं बोललं. देह नसला तर दर्भाचा करतात, तोच जाळतात, मग पुढचं पाणी द्यायचं. काकी आतून आली. रडली नाही, ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "गावलो नाय म्हणजे गेलो नाय. खयच्या तरी होडयेन तेका उचलल्यान आसतलो. माझ्या दारात परत ह्या बोलू नकात." त्यानंतर कोणी बोललं नाही. काकीपुढे बोलायची छाती नव्हती, आणि खरं सांगायचं तर तिचंच खरं निघावं असं आम्हा सगळ्यांना आतून वाटत होतं.

पण अण्णांचं काय? ते दिवे लागायच्या वेळी मागीलदारी बसायचे आणि सुरूच्या बनाकडे बघत राहायचे. एकदा विनयने शेजारी बसून विचारलं. मी गडग्याशी दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होते, मला सगळं ऐकू आलं. "तो येता रे," अण्णा म्हणाले. "सुरूंच्या मधी उभो रवता. अंगार कपडे भिजलेले. 'अण्णा, पाणी,' म्हणता. इतक्या पाण्यात गेलेलो माझो झील, आणि माझ्याकडे पाणी मागता." मग ते म्हणाले, "तेका पाणी होया. आणि तुझ्या काकीक तो होयो. मी कोणाचा ऐकू?"

मी शाळेत विज्ञान शिकवते. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्या पोरांना मी वर्गाबाहेर उभं केलेलं आहे. त्या बनातून मला कधी कोणी हाक मारली नाही. तरी त्या दिवसानंतर मी कपडे उन्हं असतानाच काढायला लागले. भीती वाटायची, सरळ सांगते.

आणि मग एक दिवस अण्णा देवगडला गेले आणि डोकं, मिशी, सगळं चकोट करून आले. आमच्या गावात चकोट डोकं म्हणजे लांबूनही वाचता येणारी बातमी. समोरून कोणी तसा येताना दिसला की "कोण गेलो?" हाच पहिला प्रश्न. अण्णा वाडीत शिरले तशी माणसं ओट्यांवरून उठून उभी राहिली. काकी धावत अंगणात आली. "तुमी कोणाचा केलास? सांगा माका, कोणाचा केलास?"

"कोणाचा करतलंय? खवडे झालेत डोक्यात," अण्णा म्हणाले आणि खिशातून मलमाची नळी काढून दाखवली. "डॉक्टरान सांगल्यान, रोज काढूचे लागतले. उद्यापण काढतलंय, परवापण."

काकी त्या रात्री जेवली नाही. पण अण्णांनी दुसऱ्या दिवशी काढले, तिसऱ्या दिवशीही काढले. हळूहळू तिचं मन शांत झालं. विचारायला येणाऱ्या बायकांना तीच समजावू लागली, "सुतकाचे केस एकदाच काढतत. रोज काढता तेका खयचा सुतक?" अण्णांना नेमकं हेच हवं होतं. खवडे वगैरे काही नव्हतं, हे त्यांनी फक्त विनयला सांगितलं होतं आणि विनयने मला. त्यांचा बेत असा, की आपलं चकोट डोकं आधी गावाच्या आणि काकीच्या अंगवळणी पाडायचं. मग कधीतरी कुठेतरी लांब जाऊन मुलाचे विधी गुपचूप करून यायचे. परत आल्यावर कोणाच्या डोळ्यांत काही भरायला नको.

वर्ष गेलं. पोरं 'चकोट अण्णा' म्हणायला लागली, अण्णाही त्या नावाला ओ द्यायला लागले. विनयच्या शिष्यत्वाचा तमाशा झाला तो याच दिवसांत. काकी तर कौतुकाने सांगायची, "ह्यांचा मात्र बरा. शेंपू नको, कंगवो नको." तिने ते डोकं पूर्ण स्वीकारलं, आणि त्या पावसाळ्यानंतर अण्णा विनयला घेऊन आंबोलीला निघाले. सांगताना सांगितलं, ओळखीच्या माणसाकडे मिरीच्या वेली बघायला जातोय, चार दिवस लागतील. काकीने वाटेत खायला खापरोळ्या बांधून दिल्या. त्या तिथे कोणाला गेल्या असतील, याचा विचारही मला करवत नव्हता.

तिथे जे झालं ते विनयने मला एकदाच सांगितलं. डोंगरात नदीच्या उगमापाशी भटजींनी सगळी मांडामांड केली होती. धुकं इतकं होतं की समोरचा माणूस दिसेना. दर्भाचा बाबलो पाटावर निजवलेला. कर्त्याने आधी केस द्यायचे म्हणून अण्णा खाली बसले. न्हाव्याने डोक्याला पाणी लावलं, हात फिरवला आणि थांबला. "आजोबा, हयसर काढूक काय आसाच नाय."

अण्णांनी मुक्कामाच्या घरी पहाटे उठून, सवयीने, कढत पाणी मागून घेतलं होतं आणि डोकं नेहमीसारखं स्वच्छ केलं होतं. मिशीसकट. वर्षभर हात तेच करत आलेला, त्याने त्याही दिवशी तेच केलं. भटजी शहाणे माणूस, ते म्हणाले, "नुसता वस्तरा टेकवा, चालतं." न्हाव्याने टेकवला. पुढचे विधी झाले, पाणी दिलं. पण अण्णा तिथून उठेचनात. विनय दंडाला धरून उठवायला गेला तेव्हा म्हणाले, "झिलाक देवचे तेवढेच होते माझ्याकडे. तेपण मी रोज सकाळी काढून टाकलंय."

ते परत आले. काकीने त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "आंबोलीच्या थंडीन गुळगुळीत झाला हा." तिच्या लक्षात काही आलं नाही. अण्णांचा बेत तडीस गेला होता, पण त्या दिवसापासून मला ते मागीलदारी बसलेले बघवत नसे. मध्येच हात थांबायचा, अर्धं डोकं फेसात तसंच राहायचं आणि मान बनाकडे वळायची. विनयने विचारलं, अजून येतो का? "येता," अण्णा म्हणाले. "तेका पोचूक नाय." विनयने भटजींचं म्हणणं सांगून पाहिलं, शास्त्र सांगून पाहिलं. माझं विज्ञान तर मी तोंडातून बाहेरही काढलं नाही. सोडून द्यावं म्हटलं तर तेही जमत नव्हतं. आंबोलीहून आल्यावर लगेच केस वाढू दिले असते तर काकीला शंका आली असती. म्हणून रोजचं ते चालूच राहिलं, वर्षामागून वर्षं. गोटा रोज उन्हात चमकायचा आणि अण्णा त्याखाली झिजत गेले.

मग काकी अंथरुणाला खिळली. मूत्रपिंडं गेली होती. कणकवलीच्या डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. मी शाळेतून आले की तिच्याजवळ बसायचे. एके दिवशी अण्णा तिला पेज भरवत होते, आणि ती त्यांच्याकडे बघत म्हणाली, "बाबलो इलो आणि तेना तुमका वळखल्यान नाय तर? तेना तुमका केसांसकट बघितल्यान हा. वाढवा ते आता. मिशीपण."

अण्णांनी चमचा ताटलीत ठेवला. मी उठून बाहेर गेले, पाणी आणायच्या निमित्ताने. परत आले तेव्हा ते म्हणत होते, "बरा. वाढवतंय."

दुसऱ्या दिवशी दगडावर कोणी बसलं नाही. केस आले ते सगळे पांढरे, पण पूर्वीसारखेच दाट. काकीची बोटं आखडली होती, तरी ती रोज त्यांना तेल लावायची आणि विंचरून द्यायची. अण्णा लहान मुलासारखी मान खाली घालून तिच्या खाटेशी बसायचे. तिचा चेहरा त्या वेळी अगदी समाधानी असायचा. मी अण्णांना एकदा हळूच विचारलं, आता तरी तो गप्प आहे का. "पाणी मागणा नाय गो आता," ते म्हणाले. "नुसतो उभो रवता. माझ्या डोक्याकडे बघता."

तुळशीच्या लग्नानंतर काकी गेली. शेवटच्या दिवशी तिने दाराकडे बघून कोणालातरी "ये रे" म्हटलं आणि डोळे मिटले.

दहाव्या दिवशी खाडीवर बायकांनी जायचं नसतं. मी गेले. भावकीतल्या दोघांनी भुवया चढवल्या, पण माझ्या तोंडाला लागायची हौस कोणालाच नव्हती. मुलगा नाही म्हणून अण्णाच कर्ते. नाक्यावरचा सलूनवाला दिगंबर वस्तरा घेऊन आला होता. त्याला अजून तीन डोकी करायची होती, भरती चढत होती आणि भटजी घाई करत होते. त्याने अण्णांच्या केसांवर पाणी मारलं आणि कपाळापासून मागे भराभर एक पट्टा काढला. पांढऱ्या बटा अण्णांच्या मांडीवर पडल्या. अण्णांनी त्या दोन्ही हातांच्या ओंजळीत घेतल्या आणि मान वर केली.

"सावकाश काढ रे," ते म्हणाले. "दोघांचे आसत."