ॲम्ब्रोज टकवेलने मागितलेली मोजणी

पंचाने आमची माणसं मोजली, तेव्हा फळ्यावर आमचे पाच गोल होते. मोजून झाल्यावर एकही उरला नाही. फळ्याजवळच्या माणसाने ओल्या फडक्याने आमच्या नावापुढचं सगळं पुसलं. कुंपणाला चिकटून उभी असलेली एवढी गर्दी, पण मला रस्त्यावरच्या घोडागाडीचा घोडा फुरफुरलेला ऐकू आला.

आणि ती मोजणी आमच्याच कप्तानाने मागितली होती.

ॲम्ब्रोज टकवेल वॉटल बेंडचाच. नदीकाठच्या आमच्या वस्तीत कातडी कमावण्याचे कारखाने सोडले तर दुसरं काही नव्हतं. वाऱ्याची दिशा बदलली की पलीकडच्या चर्च हिलची माणसं खिडक्या लावून घेत. तो लहान वयात बापाच्या जोडीला हौदांवर लागला. झाडाच्या सालीच्या पाण्यात हात घालून घालून ते मनगटापर्यंत तपकिरी झाले, ते पुन्हा कधी उजळ झाले नाहीत. लग्नात हेस्टरने त्याला पांढरे हातमोजे घालायला लावले होते, आणि तो पाव कापायलासुद्धा ते काढेना.

आमच्याकडच्या फुटबॉलमध्ये चेंडू हातांनीही धरता येई, आणि तो आमच्या गोलखांबांपुढे उभा राही. चेंडू पावसाने भिजून विटेसारखा जड झालेला असो, हा दोन माणसांच्या खांद्यांवरून वर उठे आणि चेंडू छातीशी धरूनच खाली येई. मग चार पावलं मागे जाऊन अशी लाथ घाली, की चेंडू मैदानाच्या मध्याच्याही पुढे जाऊन पडे. ती लाथ नेमकी कुठून येते हे मी कितीदा निरखून पाहिलं. गुडघा उशिरा सरळ होई, एवढंच कळलं. तेवढ्याने माझा चेंडू काही लांब गेला नाही.

मैदानावर एका बाजूला अठरा माणसं. कोणत्याही कप्तानाला शंका आली तर तो पंचाला सांगून खेळ थांबवू शके. आमच्या लीगमध्ये मग दोन्ही संघ रांगेत उभे राहत आणि पंच बोट दाखवून डोकी मोजी. ज्याच्याकडे एक माणूस जास्त, त्याचे तोवरचे सगळे गुण गेले. तसं कोणाचं कधी गेलं नव्हतं. ॲम्ब्रोजला शंकाही कधी आलेली नव्हती. आमची पोरं धापा टाकू लागली की तो मोजणी मागायचा. तेवढाच दम खायला वेळ. दुसऱ्या वस्त्यांना याचा फार राग. चर्च हिलच्या बायका तर कुंपणावरून विचारत, आठवडाभर कातडी मोजून मन भरत नाही का रे तुझं. ॲम्ब्रोज टोपी काढून त्यांना नमस्कार करी.

लीगच्या विजेत्याचा झेंडा मात्र आम्हाला कधीच मिळाला नव्हता. त्या वर्षी ॲम्ब्रोजचा गुडघा दुखत होता. हा शेवटचा हंगाम, असं त्याने हेस्टरला सांगितलं होतं, आणि हेस्टरने ते सगळ्या वस्तीला. आम्ही अंतिम सामन्यात पोचलो, समोर चर्च हिल.

नेमका त्याच शनिवारी सकाळी चुन्याचा हौद फुटला. कातडी तशीच टाकून आलं असतं तर सोमवारपर्यंत सडली असती. आमच्यात हे नेहमीचंच. कोणाला कामावरून यायला उशीर झाला की त्याच्या जागी बदली माणूस उभा करायचा. उशिराने येणारा कुंपणावरून उडी मारून आत यायचा, बदलीच्या हातावर टाळी द्यायचा, आणि टाळी मिळाली की बदलीने बाहेर जायचं. ना पंचाला सांगणं, ना काही.

ॲम्ब्रोजच्या जागी क्लेम गुडाल उभा राहिला. क्लेम त्याच्याच हौदावरचा, कातड्यावरचे केस खरवडणारा. खेळात बेताचा, पण सांगितलेलं काम अक्षरशः तसंच करणारा. मध्यंतरापर्यंत तो बरा टिकला. सामन्याचा तिसरा पाव भाग सुरू झाला आणि ॲम्ब्रोज धावत आला, अंगावर चुना तसाच. त्याच वेळी चेंडू आमच्या गोलकडे येत होता. त्याने कुंपण ओलांडलं, थेट धावला, तिघांच्या वर उठला आणि चेंडू घेतला. वॉटल बेंड वेडं झालं. क्लेम बाजूला सरकला. चिखलाने सगळे एकाच रंगाचे झाले होते. टाळी द्यायची राहिली, हे आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आलं नाही.

पाव संपत आला तशी आमची माणसं गुडघ्यांवर हात ठेवून उभी राहू लागली. चर्च हिलचा संघ जोर धरत होता. ॲम्ब्रोजने हात वर केला आणि मोजणी मागितली.

रांगा लागल्या. पंचाने आधी त्यांची माणसं मोजली. अठरा. मग आमच्या रांगेकडे आला.

"घाई नको साहेब," ॲम्ब्रोज हसत म्हणाला. "सावकाश मोजा."

पंच शेवटच्या माणसाशी थांबला. मागे गेला, पुन्हा मोजलं. दोन्ही वेळा एकोणीस. मग त्याने फळ्याकडे पाहिलं.

रांगेच्या टोकाला क्लेम उभा होता.

"कप्तान," तो हळूच म्हणाला, "तू टाळी दिली नव्हतीस."

ॲम्ब्रोजचं तोंड उघडं राहिलं. त्याच्या चेहऱ्यावरचा चुना वाळून पांढरा झाला होता, त्यामुळे रंग उडाला की नाही हे कळायला मार्ग नव्हता. पंचाने क्लेमला बाहेर जायला सांगितलं. क्लेम हलेना. तो पंचाकडे नाही, ॲम्ब्रोजकडे पाहत होता. तेव्हा ॲम्ब्रोज रांगेतून चालत गेला आणि त्याच्या हातावर टाळी दिली. क्लेम मान खाली घालून कुंपणापलीकडे गेला.

शेवटच्या पावात आम्ही दोन गोल केले. झेंडा चर्च हिलला गेला.

फाटकाशी आमचीच माणसं क्लेमची वाट पाहत होती, आणि ती त्याच्याशी काही चांगलं बोलणार नव्हती. मीही त्यांत होतो. ॲम्ब्रोज त्याच्या खांद्यावर हात टाकून बाहेर आला. "मोजणी कोणी मागितली?" एवढंच त्याने विचारलं. आम्ही वाट दिली. हेस्टर दोघांच्या मागून चालली होती. तिच्या हातात मटन पाइची टोपली होती, सामन्यानंतर वाटायला आणलेली. ती तशीच भरलेली घरी गेली.

ॲम्ब्रोज पुन्हा खेळला नाही. हौदावरही कोणी तो विषय काढत नसे. माझा तरी कित्येक दिवस विश्वास बसत नव्हता. कामात असलो तरी तो फळा डोळ्यांपुढे येई, फडक्याचा ओला पट्टा आणि खाली काही नाही.

पुढच्या हंगामाच्या पहिल्या शनिवारी संघाच्या समितीने ॲम्ब्रोजच्या जागी क्लेमचं नाव जाहीर केलं. लोक कुरकुरले. आमचे सतरा जण मैदानात पोचले, पंचाने शिटी तोंडाला लावली, आणि क्लेम कुंपणाबाहेरच उभा. आत ये म्हणून सगळे ओरडू लागले. तो नुसता इकडेतिकडे बघत होता.

ॲम्ब्रोज गर्दीतून वाट काढत त्याच्याजवळ आला. तपकिरी हात पुढे केला आणि टाळी दिली. तेव्हा कुठे क्लेमने उडी मारली.

"आता मोजा," ॲम्ब्रोज आमच्याकडे वळून म्हणाला.

आम्ही खरंच मोजलं.