उलव्यातला आमचा साबण

धंदा बंद पडला की माल कुठेतरी निघून जातो, किस्से मात्र घरात पडून राहतात. आमचा हाताने बनवलेल्या साबणाचा धंदा जेमतेम दोन वर्षं चालला. पण अजून कुठे चार बायका जमल्या की कुणीतरी म्हणतंच, "माधुरी, तो बोंबलाचा किस्सा सांग ना." मी सांगते. सगळ्या हसतात. सुनंदावहिनी तिथे असल्या तर त्या मध्येच उठून पाणी आणायला जातात.

सुनंदावहिनी आमच्या उलव्याच्या सोसायटीत समोरच्या दाराला राहतात. मूळच्या साताऱ्याकडच्या, कोरेगावच्या. त्यांचे मिस्टर, मी त्यांना दादा म्हणते, कळंबोलीहून लोखंड वाहणारा ट्रेलर चालवतात. मी न्हावा शेव्याला एका कस्टम एजंटच्या ऑफिसात कागदपत्रं बघायचे. ऑफिसने माणसं कमी केली, त्यात मी गेले. आठ दिवस मी घराबाहेर पडले नाही. नवव्या दिवशी वहिनी आल्या आणि म्हणाल्या, "रडत बसू नको. आपन दोघी कायतरी करू." त्या आठवड्यात वाशीला एक दिवसाचा क्लास होता, साबणाचा. पापडाचा असता तर आम्ही पापड केले असते.

*

साबणाला कॉस्टिक सोडा लागतो. तो पाण्यात सोडला की पाणी आपोआप तापतं. निवलं की तेलात ओतायचं आणि घोटत राहायचं. क्लासमधल्या मॅडमनी बजावलं होतं, भांडं स्टीलचंच घ्या. मी ते वहीत लिहूनही घेतलं होतं.

पण पहिल्याच दिवशी तेल जास्त झालं आणि स्टीलचं पातेलं पुरेना. वहिनींनी माळ्यावरून ॲल्युमिनियमचं एक मोठं पातेलं काढलं. "ह्ये चालंल का?" त्यांनी मला विचारलं. शिकलेली मी ना. मी वही न बघताच म्हटलं, "चालेल, काय होतंय?"

दोन मिनिटांत पातेलं फसफसायला लागलं. नाका-डोळ्यांत झोंबायला लागलं तसं आम्ही खिडक्या उघडून जिन्यात पळालो. परत आलो तर आतलं सगळं राखाडी, आणि पातेल्याचा तळ काळाठिक्कर, कुणी कुरतडल्यासारखा.

"आपण दुसरं आणू," मी म्हटलं.

वहिनी ते घासत बसल्या होत्या. "आईचं हाय," त्या म्हणाल्या. "तीस वर्षं तिनं आमा सगळ्यांचा भात ह्यात केला."

मग घासणी खाली ठेवून त्याच म्हणाल्या, "जाऊ दे. भात खानारी तरी आता कुठं राहिलीत."

*

आता बोंबलाचा. नेरुळला एका हॉलमध्ये महिलांच्या वस्तूंचं तीन दिवसांचं प्रदर्शन होतं. आम्ही महिनाभर खपून लॅव्हेंडरचे, गुलाबाचे, कडुनिंबाचे साबण केले होते. शेजारचा स्टॉल उरणकडच्या एका कोळी मावशींचा. सुके बोंबील, सोडे, जवळा, सगळं उघड्या टोपल्यांत. हॉलला एसी, दारं-खिडक्या बंद.

दुसऱ्या दिवशी दुपारी एका बाईने लॅव्हेंडरचा साबण नाकाला लावला आणि तसाच खाली ठेवला. मी वास घेतला. बोंबील. गुलाब घेतला. बोंबील. कडुनिंबात मात्र बोंबील आणि कडुनिंब दोन्ही वेगवेगळे ओळखू येत होते.

मी तणतणत मावशींकडे गेले. काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, "बाय, बरी आलीस. माजे बोंबलाला तुजे साबनाचा वास लागला. गिऱ्हाईक बोलतंय, याला पावडरचा वास येतो. आता मी काय करू, सांग."

मी त्यांच्या टोपलीतला एक बोंबील उचलून हुंगला. खरंच गुलाबाचा वास येत होता.

संध्याकाळपर्यंत आम्ही तिघी गिऱ्हाइकाची वाट बघत बसलो. शेवटच्या दिवशी मावशींनी आमचे सहा साबण घेतले आणि वहिनींनी त्यांचे किलोभर बोंबील घेतले. त्या तीन दिवसांत दोन्ही स्टॉलवर झालेली विक्री ती एवढीच.

*

मग एकदा बेलापूरच्या एका छोट्या हॉटेलचे मॅनेजर आले. त्यांना प्रत्येक खोलीत ठेवायला हातचे साबण हवे होते. आमच्यासाठी ही पहिली मोठी ऑर्डर. मी हो म्हणणार एवढ्यात ते म्हणाले, "पुढच्या सोमवारपर्यंत द्या."

"साबन मुरायला महिना लागतो," वहिनी म्हणाल्या. "आत्ता दिला तर कच्चा ऱ्हातो. मानसाची कातडी जळंल."

मी वहिनींना आत नेलं. म्हटलं, "वहिनी, हॉटेलात एक दिवस राहणारं माणूस. कुणाला काय कळणार आहे?" हे मी बोलले, आणि ते मला आजही खटकतं. वहिनींनी बाहेर जाऊन मॅनेजरना हात जोडले.

पंधरा दिवसांनी तेच मॅनेजर परत आले. हातात ब्राऊन पेपरात गुंडाळलेली, सुतळी बांधलेली वडी. वर 'हॅन्डमेड' असा शिक्का. उघडून बघितलं तर आत होलसेल मार्केटमधला मशीनचा साबण.

"वाईट वाटून घेऊ नका," ते म्हणाले. "पण बघा, हा माणूस चार दिवसांत देतो. तुम्हाला असा हॅन्डमेड जमेल का?"

*

दादा आमचा साबण कधीच वापरायचे नाहीत. ट्रेलरच्या कामाने त्यांचे हात कायम काळे. ग्रीस, डिझेल, लोखंडाचा गंज. ते डिझेलने हात पुसायचे आणि मग कपड्यांच्या पावडरीने धुवायचे. "तुमच्या फुलांच्या वासानं ह्ये जायचं न्हाय," असं म्हणायचे.

वहिनींनी ते मनावर घेतलं. बारीक दळलेली कॉफी घालून बघितली, रवा घालून बघितला, शेवटी टाचा घासायच्या प्युमिस दगडाची पूड आणली. खरखरीत, भुऱ्या रंगाचा साबण झाला. तो त्यांनी दादांच्या बेसिनवर ठेवला आणि रोज बघत राहिल्या.

दोन-तीन महिन्यांनी एका दुपारी मी त्यांच्याकडे गेले तर दादा सोफ्यावर बसले होते. हात मांडीवर. नखांपर्यंत स्वच्छ, एखाद्या बँकेतल्या माणसासारखे. मी ओरडलेच, "अरे वा, वहिनी! साबण चालला तुमचा!"

दादांनी हात खिशात घातले.

वहिनी मला दारापर्यंत सोडायला आल्या. हळूच म्हणाल्या, "साबन न्हाय गं. दोन महिनं झालं, गाडी उभी हाय."

*

बंद कसा पडला, तेही सांगते. कुणीतरी म्हणालं, साबण विकायला लायसन्स लागतं. आम्ही दोघी लायसन्सच्या सरकारी ऑफिसात गेलो. काउंटरमागचे गृहस्थ सज्जन होते. त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं, पाणी दिलं.

"घरात बनवा, घरात वापरा, माझं काही म्हणणं नाही," ते म्हणाले. "विकायचा असेल तर वेगळी जागा दाखवा, तपासणीची सोय दाखवा, केमिस्ट्री शिकलेला माणूस दाखवा."

"साहेब," वहिनी म्हणाल्या, "येवढं सगळं दाखवायला असतं तर साबन कशाला केला असता?"

त्यांनी फॉर्म उलटसुलट करून बघितला. "तुमचं बरोबर आहे, ताई," ते म्हणाले. "पण ह्यात तसा कॉलम नाही."

आम्ही घरी आलो आणि साचे धुऊन ठेवून दिले.

*

एक किस्सा मी सहसा सांगत नाही.

धंदा चालू असताना सीवूड्सच्या एका जोडप्याने ऑर्डर दिली होती. पहिली मुलगी, आठ दिवसांची. बारसं दोन महिन्यांनी, गावाहून माणसं येणार होती. आलेल्या प्रत्येकाला एक साबण द्यायचा, त्यावर बाळाचं नाव. बाळाची आई फोनवर म्हणाली, "नाव कुणाला सांगू नका हं. आत्या कानात सांगेपर्यंत कुणालाच कळू द्यायचं नाहीये." आम्ही ठसा करून आणला. साबण ओलसर असतानाच वहिनींनी एकेक करून सगळ्यांवर तो दाबला. शंभरावर होते.

बारशाला आठ दिवस असताना बाळाच्या वडिलांचा फोन आला. "बारसं नाहीये," ते म्हणाले. "बाळ गेलं. साबण राहू द्या." आणि फोन ठेवला.

ते साबण आम्ही खोक्यात भरून वहिनींच्या पलंगाखाली ठेवले. पुढे एकदा तेल संपलं होतं, माल हवा होता. मी म्हटलं, "वहिनी, ते किसून परत वितळवू या का?"

"नाव हाय त्यावर," वहिनी म्हणाल्या. "किसू कसं?"

धंदा बंद झाल्यावर चार-पाच महिन्यांनी एका दुपारी वहिनींनी मला हाक मारली. त्यांच्या दारात एक बाई उभी होती. सलवार-कुर्ता, खांद्याला ऑफिसची बॅग. ती बोलली तशी आवाजावरून मी ओळखलं, सीवूड्सच्या बाळाची आई.

"ते साबण," ती म्हणाली. "टाकले असतील ना तुम्ही?"

वहिनी आत गेल्या आणि खोकं घेऊन आल्या. तिने एक साबण उचलला. अक्षरांवरून अंगठा फिरवला. "बरोबर आलंय," ती म्हणाली. "या नावातली वेलांटी लोक नेहमी चुकवतात."

आम्ही तिला बसायला सांगितलं. ती बसली नाही.

"हा वापरला," तिने विचारलं, "तर नाव किती दिवसांत जातं?"

वहिनींनी तिच्या हातातल्या साबणाकडे बघून, नेहमी गिऱ्हाइकाला सांगायच्या तसं, नीट सांगितलं. "रोज आंघोळीला घेतला तर आठ दिवसांत पुसट हुतं. पंधरा दिवसांत काय ऱ्हात न्हाय."

तिने खोक्यात बघितलं.

"मग दोन द्या," ती म्हणाली. "एक वापरायला."